बुरुजाभोवतीची सुतळी

"सरकारनं आपल्या वावराले लागून हद्द टाकली! लेकीले भेटाले आता परवाना लागंल, पाहा!" यशवंतराव भाकर अर्धी टाकून उठले.

१९५६ साल होतं. हैदराबाद राज्याची वाटणी ठरली होती. किनवट मुंबईकडे जाणार, यशवंतरावांचं गाव बाजारहत्नूर आंध्रात जाणार. त्यांची लेक रुख्मिणी किनवटला दिलेली. त्याच महिन्यात त्यांच्या वावराशेजारी पडलेल्या जुन्या दगडी बुरुजाचं खोदकाम करायला पुरातत्त्व खात्याचे सरकारी अधिकारी नरसिंगराव आले. त्यांनी बुरुजाभोवती खुंट्या ठोकल्या, सुतळ्या ताणल्या. साहेब तेलुगू बोलतो, जमीन मोजतो, म्हणजे हद्दच टाकत असणार! गावानं मान डोलावली.

"अवो, त्या माणसाले इचारा तरी," विमलबाई नवऱ्याला म्हणाल्या.

"साहेब लोक खरं सांगतात काय?"

दुपारी मजूर ओढ्यावर जेवायला गेले, तेव्हा यशवंतरावांनी साऱ्या खुंट्या उपटून कडब्याच्या गंजीत दडवल्या.

नरसिंगरावांचाही गावावर विश्वास नव्हता. हे लोक बुरुजाखाली पुरलेल्या सोन्याच्या हंड्यावर टपलेत, असं त्यांना वाटे. राखणीला ठेवलेली, यशवंतरावांच्या शेजारची बयनाबाई नेमकी तेव्हा पाणी आणायला गेली होती. "हंड्यासाठी उकरलंस ना? उद्यापासून येऊ नको!" खुंट्या गायब पाहून त्यांनी तिला सगळ्या मजुरांदेखत शिकलेल्या मराठीत सुनावलं.

संध्याकाळी विमलबाईंनी विचारलं, "बयनाबाईले चोर म्हनलं. तिच्याशी कोनी बोलून नाही राह्यलं. खुट्या तुमीच उपटल्या नं?"

"मी हद्द काढली!"

"काढली कुठं? किनवट दूर जाऊन राह्यलं म्हनता, अन् शेजारीन तुमीच दूर केली. एक शब्द इचारला असता, तर तोंड झिजलं असतं काय?"

बायकोचं बोलणं ती जिवंत असतानाच ज्याला ऐकू येतं, तो नशिबाचा. यशवंतराव नशिबाचे होते.

सकाळी खुंट्या घेऊन ते बयनाबाईच्या दारात गेले. "चाल, साहेबाकडं."

"काऊन? अजून कोनाचं नाव घ्याचं राह्यलं?"

"माझं."

बुरुजापाशी त्यांनी सगळं सांगितलं. नरसिंगरावांनी कपाळाला हात लावला. "अहो, ही हद्द नाही! कोणता दगड कुठं सापडला, ते कळावं म्हणून सुतळी बांधली. त्यावरून बुरूज कसा उभा होता ते समजतं. मला विचारायचं होतं!"

"अन् साहेब, तुमी मले इचारलं काय?" बयनाबाई म्हणाली.

साहेबांनी सगळ्या मजुरांना बोलावलं आणि त्यांच्यासमोर तिला हात जोडले. "चूक माझी, बाई. कामावर या."

"येईन. पन पयले यशवंतदादानं खुट्या ठोकाव्या. उपटाले लय जोर होता नं?"

मजूर हसले. यशवंतरावही ओशाळून हसले आणि दगड घेऊन खाली बसले.

वाचकहो, राज्याची हद्द कुठं पडावी, हे आपल्या हातात नसतं. माणसामाणसांतली हद्द मात्र आपणच टाकतो, तीही कोणाला न विचारता. समोरच्याची भाषा वेगळी असली, तरी त्याला दोन शब्द विचारायला भिऊ नका. आधी विचारा, संशय मागाहून घ्या. बहुतेक वेळा तो घ्यावाच लागणार नाही!