अकरा सेकंदांची बातमी

"पदयात्रेत म्हातारीला मारहाण!" हितेंद्र पत्रकाराच्या चॅनेलवर ही बातमी झळकली तेव्हा ती म्हातारी, म्हणजे झुंबरबाई, माझ्या शेजारी बसून निवांत ताक पीत होती.

चैत्रात आम्ही अमळनेरहून वणीच्या गडाला पायी जातो. यंदा धुळ्याच्या पुढे झुंबरबाईच्या तळपायाला लिंबाएवढा फोड आला. अशा फोडातून आमच्याकडे सुई-दोरा ओवतात आणि दोरा आतच ठेवतात, म्हणजे पाणी झिरपून जातं. आमच्यासोबत चालणारा भटू तिच्या नात्यागोत्याचा नाही, तरी त्याने तिचा पाय धुतला, मांडीवर घट्ट धरला आणि सुई घातली. बाई किंचाळली, त्याला चार शिव्या हासडल्या. हितेंद्रने पाठीमागून टिपले ते तेवढेच अकरा सेकंद. पाय धुतलेला या शहाण्याला दिसला नाही. गावोगाव लोक आम्हाला बोलावून भाकरी वाढत होते, तेही दिसलं नाही. स्वतः मात्र दोन्ही वेळा पंगतीत बसला होता.

मी फोन करून त्याला झापलं. तो म्हणाला, "अक्का, पाय धुतलेले कोण बघतं?"

वर मलाच विचारतो!

भटूचं लग्न बोदवडच्या दिपमालाशी ठरलेलं. संध्याकाळी तिच्या वडिलांचा, पितांबरभाऊंचा फोन आला. म्हाताऱ्या बाईवर हात उचलणाऱ्याला मुलगी देणार नाही, म्हणाले. भटूने तोंड उघडेपर्यंत फोन बंद. पुन्हा त्यांनी उचललाच नाही. भटू रस्त्याकडेला बसून रडला.

झुंबरबाई उठली. "गड काय पळी जास का? बोदवडले चाल."

तिची ही सोळावी वारी, एकही न चुकलेली. गड दोन दिवसांवर होता. लंगडत ती एसटीत चढली. मी सोबत गेले, भटू यात्रेबरोबर राहिला.

पितांबरभाऊंच्या अंगणात तिने पाय पुढे करून सगळं सांगितलं. "मना पोटना पोऱ्या बी इतलं करस नई."

पितांबरभाऊ मान हलवत राहिले. "पटतं हो मावशी. पण सगळ्या सोयऱ्यांनी ते बघितलंय."

खरं पटलं, तरी भीती व्हिडिओची! असल्या माणसांच्या जिवावरच हितेंद्रचं चॅनेल चालतं.

दाराशी उभ्या दिपमालाने विचारलं, "आजी, गड किती राहिला होता?"

"दोन दिन."

ती वडिलांकडे वळली. "बाबा, या आजींनी त्यांच्यासाठी देवीची वाट सोडली. तुम्हाला अकरा सेकंद सोडवत नाहीत?"

पितांबरभाऊंनी खाली मान घालून भटूला फोन लावला.