आधी आपल्या कानात

टिटवीच्या कानांची जेवढी काळजी तिचा दादा घ्यायचा, तेवढी लोक डोळ्यांचीही घेत नाहीत. बाकीचे गाणारे स्टेजवर मोठमोठ्या स्पीकरांसमोर उभे राहून आपलाच आवाज शोधत घसे फोडायचे. टिटवीच्या कानात मात्र तिच्या कानांचा साचा घेऊन बनवलेले छोटे मॉनिटर असत. त्यांच्यामुळे बाहेरचा गदारोळ बाहेरच राहायचा आणि आत फक्त तिचा आवाज आणि कीबोर्ड पोचायचा. कमरेच्या डबीत एक लिमिटर होता. आवाज हद्दीबाहेर गेला की तो परस्पर त्याचे कान उपटायचा. हे सगळं दादाने हौसेने, हट्टाने करून घेतलं होतं. तिने स्टेजवर गायचं म्हटलं तेव्हा आईने अट घातली होती, 'आवाजाच्या मिक्सरवर दादा बसणार असेल तरच.' लहानपणी ही मुलगी रडायला लागली की गल्ली दणाणायची, म्हणून दादाने तिला टिटवी म्हणायला सुरुवात केली, आणि आता पोस्टरवरही तेच नाव छापलेलं होतं.

तळघरातल्या त्या हॉलमध्ये लोक सुट्टीच्या संध्याकाळी नाचायला येत. दादा मागच्या कोपऱ्यात मिक्सरवर बसायचा. ज्या म्हाताऱ्या साउंडवाल्याकडे तो काम शिकला, त्याचा एकच नियम होता: आधी आपल्या कानात, मग दुसऱ्याच्या. भाजीतलं मीठ चाखल्याशिवाय पान वाढायचं नाही, तसं. त्यामुळे टिटवीच्या मॉनिटरमध्ये जे जायचं, ते दादा आधी स्वतःच्या कानात घ्यायचा, शब्द न् शब्द स्वच्छ ऐकू येईपर्यंत आवाज वाढवणारी फेडरची पट्टी सरकवायचा, आणि मगच तिच्याकडे सोडायचा. या नियमाला तो एक दिवसही चुकला नाही. चुकला असता तर बरं झालं असतं.

सुरुवात झाली ती बोक्याच्या चेष्टेने. बोका म्हणजे ड्रम वाजवणारा. अंगाने गलेलठ्ठ आणि जिभेने त्याहून. त्या दुपारी साउंड चेक चालू असताना त्याने कानातली रबरी बुचं काढली आणि ओरडला, "दादा, हल्ली मिक्सरला धार लावून आणतोस काय रे? झांज वाजली की माझी बिनपाण्याने होते!"

सगळे खो खो हसले. टिटवीही हसली, पण जरा मागाहून, बाकीच्यांची तोंडं बघून.

दादाने उत्तरादाखल एक शिवी हासडली, पण बोलणं मनाला लागलं. साउंडवाल्याच्या कानाला नावं ठेवणं म्हणजे स्वयंपाक्याच्या जिभेला ठेवण्यासारखं. सामानाच्या खोलीत जाऊन त्याने दार लावून घेतलं, चांगले इअरफोन कानात घातले आणि फोनवरची ऐकण्याची चाचणी सुरू केली. बोक्याला नंतर निकालाची आकृती दाखवून गप्प करायचं, एवढाच बेत होता. फोन बारीक बारीक सूर वाजवणार, ऐकू आला की बोट लावायचं. खालचे, मधले सूर आले, त्याने झटपट बोट लावलं. मग फोन गप्प झाला. दादा वाट बघत राहिला. तेवढ्यात स्क्रीनवर आलं की डाव्या कानाची चाचणी संपली.

इअरफोन बिघडले असणार. त्याने ते पुसले, फुंकले, पुन्हा बसला. पुन्हा तेच. शेवटी बोक्याला हाक मारून त्याच्या कानात घातले.

"येतंय की," बोका म्हणाला. "डास गुणगुणल्यासारखं. का, तुला नाही येत?"

"येतंय रे. मला वाटलं कमी येतंय," दादा म्हणाला.

बोका गेला. दादा खोक्यावर बसला. धक्का स्वतःच्या कानांचा नव्हता. इतकी वर्षं स्पीकरांच्या तोंडाशी बसल्यावर दुसरं काय होणार? पण त्याला वरचे सूर ऐकू येत नव्हते, म्हणून तो ते वाढवत होता. स्वतःला स्वच्छ ऐकू येईपर्यंत वाढवत होता, आणि तेच रोज टिटवीच्या कानात सोडत होता. थेट आत, पडद्यापासून बोटभर अंतरावर. सुरुवातीला ती म्हणाली होती, "दादा, टोचतंय." तो म्हणाला होता, "सवय होईल." आणि तो लिमिटर? त्याच्यामुळे आवाज गुदमरतो म्हणून दादानेच तो बंद करून ठेवला होता. कुंपणच शेत खात होतं, आणि कुंपण कुणी घातलं, तर यानेच.

त्याने टिटवीचा एक मॉनिटर घेतला, कालच्याच पातळीवर गाणं लावलं आणि तो मनगटावरच्या आवाज मोजणाऱ्या स्मार्ट घड्याळाला टेकवला. हे काही खरं माप नव्हे, हे त्यालाही कळत होतं. पण आकडा लाल झाला आणि लालच राहिला. घड्याळ बिचारं रोज संध्याकाळी थरथरून 'आवाज फार मोठा आहे' असं सांगायचं. फेडर सरकवताना हात हलतो म्हणून दादाने त्याचंही तोंड बंद करून टाकलं होतं.

आणि अलीकडे टोचतंय म्हणणं तिने सोडूनच दिलं होतं. अलीकडे ती म्हणायची, "थोडं वर कर ना, दादा." त्याला किती बरं वाटायचं! झाली एकदाची सवय, म्हणायचा.

तो हॉलच्या मालकाकडे धावला. "आजचा कार्यक्रम रद्द करा. नाहीतर निदान आवाज अर्ध्यावर आणू."

मालक सोफ्याची उशी झटकत होते. "अर्ध्यावर? लोक इथे नाचायला येतात, व्याख्यान ऐकायला नाही. आणि आज त्या मोठ्या हॉलवाले तुझ्या बहिणीला ऐकायला येतायत. तुझंच घोडं मध्येच कुठे पेंड खातंय?"

टिटवी आरशासमोर बसून डोळ्यांत काजळ घालत होती. दादाने तिच्यासमोर फोन धरला. "दोन मिनिटं दे. एक छोटी चाचणी आहे कानांची."

"आत्ता? वेड लागलंय का तुला? आधीच मला काही सुचत नाहीये." तिने फोन बाजूला सारला. "उद्या कर काय करायचंय ते. दादा, मला नीट ऐकवशील ना आज? तू असलास की मला भीती नाही वाटत."

सांगायचं ते इथेच सांगायला हवं होतं. शब्द ओठांवर आलेही होते. पण सांगायचं म्हणजे, उद्यापासून मिक्सरवर दादा नाही. मग आई तिला पाठवणार नाही, आणि आजच्या आज तिचा सूर भीतीने मोडणार. त्याने स्वतःची समजूत घातली, की आज सांभाळून नेऊ, मग सांगू. माणूस घाबरला की त्याला उद्याचा भारी भरवसा वाटतो.

त्याने लिमिटर चालू केला. आयुष्यात पहिल्यांदाच मॉनिटर कानात न घालता, नुसत्या मीटरच्या हिरव्या दिव्यांकडे बघत त्याने तिची पातळी लावली. हॉल भरला. टिटवी स्टेजवर आली, आणि पहिल्याच ओळीला तिने अंगठा वर केला. वाढव.

दादाने हात मांडीखाली दाबून धरले.

तिने पुन्हा अंगठा वर केला. मग दोन्ही हातांचे. वरच्या जागेवर तिचा सूर घसरला, पुढच्या ओळीत आणखी घसरला. समोरचे नाचणारे थबकून एकमेकांकडे बघायला लागले. टिटवीचा चेहरा रडवेला झाला. ती मागच्या कोपऱ्याकडे बघत होती, अंधारात दादा दिसत नसूनही त्याच्याकडेच बघत होती. फेडर बोटभर वर सरकवला असता तर सगळं सावरलं असतं. दादाचे डोळे भरून आले, हिरवे दिवे एकमेकांत मिसळले, पण हात त्याने काढला नाही.

मग तिने कानातले मॉनिटर उपटून काढले आणि स्टेजच्या कडेला माणसाएवढे स्पीकर रचलेले होते तिकडे गेली. गाणं चालूच होतं. स्वतःचा आवाज सापडावा म्हणून तिने कान सरळ स्पीकरच्या जाळीला लावला.

"टिटवे!" दादा ओरडला. त्या दणदणाटात ते त्याचं त्यालाही ऐकू आलं नाही. खुर्ची उलथवून तो भिंतीकडे धावला, आणि सगळ्या साउंडला वीज देणारी जाड वायर त्याने दोन्ही हातांनी ओढून काढली.

हॉल एकदम गप्प झाला. बोक्याने दोन ठोके एकट्याने वाजवले आणि तोही थांबला. मग लोकांनी हुर्यो सुरू केली, मालक "कोण तो गाढव?" म्हणून किंचाळले. दादा त्या गर्दीतून वाट काढत स्टेजवर चढला. वायरचं टोक हातातच राहिलं होतं.

"काय केलंस तू हे?" टिटवी ओरडली. काजळ गालांवर उतरलं होतं. "ते लोक बसलेत ना समोर! काय केलंस?"

"टिटवे, मला तुला सांगायचंय—"

"आधी ती शिट्टी बंद कर."

"कुठली शिट्टी?"

"फीडबॅकची! कधीची चालू आहे. कालही होती. तिच्यामुळेच मला माझा आवाज सापडत नाही. मला वाटलं तू करशील बंद, म्हणून मी बोलले नाही. कर ना बंद!"

दादाने स्पीकरांकडे पाहिलं. एकही दिवा लागलेला नव्हता. फीडबॅकला माइक लागतो, स्पीकर लागतो, वीज लागते. त्याने हातातलं वायरचं टोक तिच्यासमोर धरलं.

"सगळं बंद आहे गं."

टिटवीने वायरकडे पाहिलं. मग मेलेल्या मिक्सरकडे. तिने दोन्ही तळवे कानांवर घट्ट दाबले आणि हळूच काढले.

"मग हे वाजतंय कुठे?" तिने लहान मुलीसारखं विचारलं.

"तुझ्या कानात," दादा म्हणाला. "आणि ते मी लावलंय."

टिटवी डोळे बारीक करून त्याच्या ओठांकडे बघत होती.

"काय?" ती म्हणाली. "मोठ्याने बोल ना, दादा."