शांत पट्टा

काचबिंदूनं सोमलिंगअप्पांची नजर पूर्ण गेली, तेव्हा त्यांच्या मुलीनं, धनलक्ष्मीनं, आपल्या गॅस शोधणाऱ्या कंपनीकडून घरून काम करायची परवानगी मागून घेतली आणि ती वडोदऱ्याहून सोलापूरला आली. अप्पा एसटीचे ड्रायव्हर होते. मंद्रूप, अक्कलकोट, विजापूरकडचे रस्ते त्यांच्या हातापायांत मुरलेले. आता ते खिडकीपाशी खाटेवर बसून असायचे आणि शेजारच्या टेबलावर ती संगणकावर जमिनीच्या पोटातली चित्रं बघायची.

"आज कुटं निगालीस?" ते विचारायचे.

"खंभातकडं, अप्पा. लई खोल."

"मग मला बी ने की."

दुपारी पडदे ओढलेले असायचे. बाहेर ऊन पांढरं झालेलं, आत पंख्याची घरघर. धनलक्ष्मी हळू आवाजात सांगत जायची आणि दोघं खाली उतरत जायचे. आधी गाळ, मग वाळू, मग पाटीसारखा थराथरांचा शेल खडक, ज्याच्या कणाकणात गॅस कोंडलेला. त्याच्याही खाली आपल्या सोलापूरचाच काळा दगड, तिथवर पसरलेला. अप्पा डोळे मिटून घ्यायचे. खाली अंधार होता, पण तिथं तो सगळ्यांनाच सारखा होता.

"हे तुला दिसतं कसं?"

"दिसत न्हाय, अप्पा. वरून जड ट्रकनं जमिनीत थरथर सोडतात. ती खडकावर आपटून वर येते, ती आमी टिपतो. शेलला भेगा असतील तरच गॅस बाहेर निघतो. भेगांच्या रेघेनं थरथर झटकन जाते, आडवी गेली की रेंगाळते. म्हणून सगळ्या दिशांनी सोडून बघायची."

"नांगरटीतनं गाडी घातल्यावानी," अप्पा म्हणाले. "तासाच्या रेघेनं पळती, आडवी घातली की धडपडती."

"व्हय, तसंच."

तिच्या नकाशात मधोमध एक पट्टा होता. तिथं थरथर कुठल्याही दिशेनं सोडा, फरक पडत नव्हता. तिचे वरिष्ठ उदयसिंह फोनवर म्हणाले, "तो पट्टा सोडून द्या. तिथं भेगाच नाहीत. गॅसची विहीर उत्तरेला घेऊ." तिलाही ते पटलं होतं.

त्या दुपारी ती अप्पांना त्याच पट्ट्यात घेऊन गेली. "लई शांत जागा हाय. पूर्वेला चाला, उत्तरेला चाला, पाय सारखाच पडतो. सारखाच…" आणि ती थांबली. पुढचा शब्द तिच्या तोंडून आपसूक निघाला. "सारखाच जड."

"काय झालं गं?"

तिनं आकडे पुन्हा पाहिले. अखंड खडकातून थरथर पळायला हवी होती. इथं ती चहूबाजूंनी उशिरा येत होती. मग खडकच बदललाय का? तिनं शेजारच्या जुन्या विहिरीच्या नोंदी काढून ताडून पाहिल्या. खडक तोच होता. पडद्यांच्या कडांवरचं ऊन तांबूस झालं तेव्हा ती खुर्ची वळवून बसली.

"अप्पा, तितं भेगा हायत. दोन्हीकडून हायत, एकमेकींना छेदून. म्हणून कुठलीच दिशा येगळी दिसत नव्हती. आमी म्हणत होतो, कायच न्हाय."

अप्पांनी तिच्याकडे तोंड वळवलं. नजर गेल्यापासून त्यांनी एकदाही कुरकुर केली नव्हती. भेटायला येणारे म्हणायचे, सोमलिंगनं चांगलं पचवलं.

"धना," ते म्हणाले, "मला लई भ्या वाटतंय गं. सकाळी जाग आली की डोळे उघडतो आणि वाट बघत बसतो. रोज."

ती उठून त्यांच्याजवळ खाटेवर बसली. तिनं स्टिअरिंगनं घट्टे पडलेला त्यांचा हात धरला. ते रडले, तीही रडली, आणि खोलीत हळूहळू संध्याकाळ भरत गेली.

उदयसिंह आधी मानेनात. मग त्यांनी स्वतः आकडे तपासले आणि विहीर त्या पट्ट्यात सरकवली. पावसाळा सरल्यावर गॅस लागला. आशा होती त्यापेक्षा कमी, पण थांबला नाही. खोलातून काढलेले खडकाचे नमुने बघायला धनलक्ष्मीला बोलावणं आलं.

"मी बी येतो," अप्पा म्हणाले. "खरंच येतो."

नमुन्यांच्या शेडमध्ये अपेक्षा नावाच्या अधिकारी मुलीनं दगडाचा एक लांबट तुकडा त्यांच्यासमोर ठेवला. अप्पांनी त्यावर अंगठ्याचं नख फिरवलं. एका भेगेत ते अडकलं. नख पुढं गेलं आणि आडवी दुसरी भेग लागली. मग त्यांनी तुकडा उचलून नाकाशी धरला.

"रॉकेलचा वास येतोय की गं!" ते म्हणाले आणि मोठ्यानं हसले. शेडमधली माणसं वळून बघू लागली.