शेवटच्या भेटीचा रकाना

वृद्धाश्रमाच्या दिवाणखान्यात मोठा स्क्रीन बसवायचा होता. त्यावर प्रत्येकाचं नाव, खोली आणि 'शेवटची भेट' कधी झाली ती तारीख. प्रोग्रामर मुलीने दोन आठवडे खपून पान तयार केलं, पण चालू करताच ते अर्ध्यावर कोसळलं. अकरा नंबरच्या खोलीतल्या शिंपीकाकांचा तारखेचा रकाना कधी भरलाच गेला नव्हता. अशा रिकाम्या जागी डेटाबेस 'नल' पाठवतो, आणि तिचं पान त्या नलमधून दिवस-महिना काढायला गेलं होतं.

दुरुस्ती हातासरशी झाली. तिने एका ओळीची अट घातली: तारीख असेल तर तारीख दाखव, नसेल तर 'भेट नाही' असं लिही. पान सुरळीत चाललं. मेट्रनबाई खूश झाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वायरी आवरत होती. शिंपीकाका स्क्रीनसमोर येऊन उभे राहिले आणि कापडातला दोष शोधावा तसे आपल्या नावापुढचं 'भेट नाही' बघत राहिले.

"हे तू लिहिलंस का गं?"

"मी नाही काका, ते आपोआप येतं."

"आपोआप कसं येईल? त्याला कुणीतरी सांगितलंच असेल ना."

तिने हातातली वायर खाली ठेवली.

"माझ्याकडे दर बुधवारी इस्त्रीवाला येतो," काका म्हणाले. "तीस वर्षं आमची दुकानं शेजारी होती. चांगला दोन तास बसतो. ती भेट नाही का?"

तिने मेट्रनबाईंना विचारलं तेव्हा त्या ओशाळल्या. फाटकावरच्या फॉर्ममध्ये 'नातं' भरल्याशिवाय नोंद पुढे सरकत नसे, आणि यादीत मुलगा, मुलगी, सून, जावई, भाऊ, बहीण एवढंच होतं. इस्त्रीवाला कशातच बसेना, म्हणून रखवालदार त्याला नुसताच आत सोडायचा.

नल म्हणजे शून्य नव्हे, 'नाही'सुद्धा नव्हे. नल म्हणजे आपल्याला ठाऊक नाही. कॉलेजात परीक्षेत हे लिहून तिने पैकीच्या पैकी मार्क घेतले होते. आता तिला स्वतःचाच राग आला. तिने यादीत 'मित्र' वाढवलं, अटीतल्या 'भेट नाही'चं 'नोंद नाही' केलं आणि काकांना नि मेट्रनबाईंना बोलावून दाखवलं.

"हे खरं आहे," काका म्हणाले. "पण हे चारचौघांत कशाला टांगायचं? दोन नंबरच्या खोलीतल्या बाईंची तारीख तर खरीच आहे. वर्षापूर्वीची. त्या आज नाश्त्याला बाहेर आल्या नाहीत."

तिने मेट्रनबाईंकडे पाहिलं.

"लाजेकाजेस्तव तरी नातेवाईक येतील, असं मला वाटलं होतं," त्या हळूच म्हणाल्या. "काढून टाक."

दुपारपर्यंत तो रकाना दिवाणखान्यातून गेला. फक्त ऑफिसच्या पानावर राहिला. मेट्रनबाई स्वतः जेवणाचं ताट घेऊन दोन नंबरच्या खोलीकडे गेल्या. त्यांनी दार वाजवलं. ते लगेच उघडलं नाही. त्या ताट धरून तशाच उभ्या राहिल्या.