चोपन्न सेकंदांचा किलोमीटर

मित्रांनो, वेगमापक हे माझं कागदावरचं नाव. टेम्पोत त्या नावानं मला कुणी कधी हाक मारली नाही. स्टिअरिंगमागे गोल काचेत बसणारा जुना काटा, एवढीच माझी ओळख, आणि मला ती पुरेशी होती.

कारखान्यातल्या एका बाईंनी माझ्या काचेवर हलकीच टिचकी मारली, 'पास' म्हटलं आणि मला खोक्यात घातलं. त्यानंतर सतरा वर्षं मला कुणी तपासलं नाही. त्यालाच मी माझा मोठेपणा समजत राहिलो.

भिवंडीजवळच्या शेलार गावच्या चांगदेवनं आमचा टेम्पो घेतला तेव्हा तो तिशीचाही नव्हता. आधी नारपोलीहून कापडाचे तागे नेले. मग दापोड्याला गोदामं उभी राहिली, तशी तिथली खोकी घेऊन नाशिकच्या फेऱ्या सुरू झाल्या. केबिनमध्ये आम्ही दोघंच. तो एकट्यानं बोलायचा आणि मी ऐकायचो. जावयाला नोकरी लागत नाही, बोंबील महाग झाले, गुडघा दुखतो, सगळं मला ठाऊक. मध्येच माझ्याकडे बघून म्हणायचा, "किती चाललो रं? पन्नास? बास झाली."

मी वेग कसा सांगायचो, तेही ऐका. गिअरबॉक्समधून एक केबल माझ्या पाठीत येते. चाक फिरलं की केबल फिरते आणि ती किती जोरात फिरते त्यावरून माझा काटा चढतो. चाकाच्या एका फेऱ्यात किती अंतर जातं, ते मला कारखान्यात एकदाच शिकवलं होतं. रस्ता मी स्वतः कधी पाहिलेला नाही.

दोन हजार सात साली गोदामाच्या कंपनीनं सगळ्या गाड्यांत जीपीएसची काळी डबी बसवली. ती उपग्रहांना विचारून आपली जागा ठरवायची आणि त्यावरून वेग काढायची. उंटावरून शेळ्या हाकणारे ऐकले होते, ही तर आभाळातून हाकत होती! साठच्या वर गाडी गेली की गेटवर चिठ्ठी. तीन चिठ्ठ्या झाल्या की ड्युटी कायमची बंद.

चांगदेवला वाटलं, डबीला कानही असणार. साहेब लोक तिकडे बसून आपलं सगळं ऐकतात, अशी त्याची खात्रीच झाली. तो गप्प झाला. महिनाभर केबिनमध्ये इंजिनाशिवाय आवाज नव्हता. मित्रांनो, इतकं एकटं मला कधीच वाटलं नव्हतं.

आणि मग चिठ्ठी आली. सहासष्ट. पंधरा दिवसांनी दुसरी. गेटवरचा सुपरवायझर देवेश कागद घेऊन खिडकीशी आला.

"काका, परत सदुसष्ट. मशीन खोटं बोलत नाही."

"मंग काय माजा काटा बोलतो? मी साठाच्या वर गेलोच न्हाय. सतरा वर्सं याला बघून गाडी हाकली. माजा काटा खोटा निघाला तर ही चावी तुज्या हातावर ठेवीन!"

माझी छाती फुगली. त्याची रोजीरोटी त्या शपथेला टांगली गेली आहे, हे त्या क्षणी माझ्या डोक्यातच आलं नाही.

त्याची बायको जानकीबाई मात्र शपथांवर विश्वास ठेवणारी नव्हती. रविवारी ती केबिनमध्ये चढली, ती भिंतीवरचं घड्याळ टॉवेलात गुंडाळूनच.

"घर्यालबिर्याल कशाला घेतलंस?" चांगदेव म्हणाला.

"मोजाला. रस्त्याला किलोमीटरचं दगड हायेत ना? साठावर गाडी ठेवली तं एका दगडापासून दुसऱ्यापरत एक मिनीट लागल. तेवढा हिसाब मना येतो."

पडघ्याच्या पुढे मोकळा रस्ता लागला. चांगदेवनं मला बरोबर साठवर धरलं. पहिला दगड मागे पडताच तो ओरडला, "मोज!" जानकीबाईची नजर सेकंदकाट्यावर. मी जिवाच्या आकांतानं साठवर उभा होतो. दुसरा दगड आला.

"चोपन्न," ती म्हणाली.

"चुकलीस. परत मोज."

परत चोपन्न. तिसऱ्यांदाही चोपन्न.  

चांगदेवनं गाडी कडेला घेतली, खाली उतरला आणि टायरांकडे बघत उभा राहिला. मग मलाही उमगलं. गेल्या पावसाळ्यात रस्त्यावरच्या पाण्यातून गाडी उंच राहावी म्हणून त्यानं मोठे टायर बसवले होते. मोठं चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापत होतं आणि मी जुन्याच चाकाचं गणित सांगत होतो. मी साठ म्हणत होतो तेव्हा गाडी सदुसष्टनं पळत होती. मला काचेसकट फुटून जावंसं वाटलं.

"आता चोपन्नाच्या वर नेऊ नका," जानकीबाई म्हणाली. "कुनाला कलनार हाय?"

खोटं कशाला सांगू? मलाही तेच हवं होतं. त्याची ड्युटी राहिली असती आणि माझी लाजही.

सोमवारी गेटवर चिठ्ठी नव्हती. देवेश हसून म्हणाला, "आज क्लीन, काका." चांगदेवनं इंजिन बंद केलं आणि चावी खिडकीबाहेर धरली.

"घे. डबी बरोबर हाय."

"म्हणजे काटा खोटा निघाला?"

"खोटा न्हाय." चांगदेवचा आवाज चढला. डबी समोर असूनही चढला. "मीच खालचं चाक बदललं, आनि त्याला सांगितलं न्हाय. तो बिचारा काय करल?"

मागे ट्रकांचे भोंगे सुरू झाले होते. देवेशनं चावी त्याच्या मुठीत परत कोंबली. "ठेवा काका, लाईन लागलीय. पण मीटर नवा बसवा. पावती दाखवल्याशिवाय उद्या गेट उघडणार नाही."

ड्युटी वाचली. मी गेलो. मेस्त्रीला हात लावू न देता चांगदेवनं माझे स्क्रू स्वतः काढले आणि फडक्यानं माझी काच पुसली. नवा मीटर मोठ्या टायरांच्या हिशेबानं जुळवून बसवला. तसं मलाही जुळवता आलं असतं. पण गेटवर पावती नव्याचीच लागणार होती.

आता मी सीटखालच्या पत्र्याच्या पेटीत पान्यांमध्ये पडून आहे. गाडी कितीही पळो, माझा काटा शून्यावर. डबीचं भय गेल्यापासून वर चांगदेव पुन्हा बोलू लागला आहे. नव्या काट्याशी बोलतो. मला अर्धंमुर्धं ऐकू येतं.

मित्रांनो, माझा त्याच्यावर राग नाही. माझ्यासाठी त्यानं चावी पुढे केली होती. पण ज्याच्यावर तुमचा जीव आहे, त्याच्या नावानं शपथा घेण्याआधी त्याला एकदा ताडून पाहा. त्याला वाईट वाटेल, वाटू द्या. आणि त्याच्याखालचं चाक बदललंत, तर त्याला सांगा. तो मुका असला, तरी सांगा.