टेकच्या बावीस ओव्या

कांताने पुस्तकाचं ते पान पुन्हा उघडलं. घडीवर कागद पार विरला होता. ‘टेक’ या एकाच इंग्रजी क्रियापदाचे बावीस अर्थ, ओळीखाली ओळ. आणि शाळेच्या ऑफिसातून अजून हाक येत नव्हती.

“इंग्रजांचे बाकीचे शब्द मेले व्हते का?” शेजारी बसलेल्या तिच्या सासूबाई, सखूबाई, म्हणाल्या. “एकाच गड्यावर बावीस कामं!”

त्यांच्या मांडीवर कांताची चार वर्षांची उल्का पाय हलवत होती. तिचा बाप, मल्हारी, डिसेंबरच्या लढाईत गेला त्याला चार महिने झाले. कँटोन्मेंटमधलं क्वार्टर महिनाअखेरीला सोडायचं. या इंग्रजी शाळेच्या बालवर्गात मदतनीस बाईची जागा मिळाली, तर शाळेच्या आवारात एक खोली मिळणार होती. नाही तर रविवारची गाडी, सासूबरोबर गावाकडे. सखूबाईंनी तिघींच्या वळकट्या कालच बांधून ठेवल्या होत्या.

“गावाकडं पोर माझ्या डोळ्यांम्होरं वाढंल,” त्या बाहेर बघत पुटपुटल्या. “मल्हारीचं तेवढंच ऱ्हायलंय.”

कांता पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

पण पाठ करून घेतलं होतं ते त्यांनीच. घोकून घोकून कांता रडकुंडीला आली, तेव्हा तांदूळ निवडता निवडता त्या म्हणाल्या होत्या, “रेटून न्हाई बसायचं, बाई. जात्यावरच्या चालीवर घे.” मग दोघी बसल्या. पहिली माझी ओवी गं, टेक टी चहा घेणं. दुसरी माझी ओवी गं, टेक बस बसनं जाणं.

हाक आली.

आपणच दिलेलं पुस्तक हेडमिस्ट्रेसबाईंनी चाळलं. “घबराइए मत. टेक. जितने मतलब आते हैं, बताइए.”

कांताने पायाच्या अंगठ्याने ताल धरला. चहा झाला, बस झाली, फोटो काढणं झालं, काळजी घेणं झालं. नववी ओवी आली. टेक आफ्टर. बापावर जाणं.

काल संध्याकाळी उल्का दारात एक पाय दुमडून उभी होती. अगदी मल्हारीसारखी.

अंगठ्याचा ताल थांबला. पंखा कुरकुरत फिरत होता.

“और?” बाईंनी घड्याळाकडे पाहिलं.

कांताने मान खाली घातली. तेवढ्यात खिडकीतून सूर आला. शब्द नव्हते, नुसती चाल, पहाटेचं जातं फिरावं तशी, न थांबणारी. कांताचा हात गुडघ्यावर गोल फिरू लागला.

“शी टेक्स आफ्टर हर फादर,” ती म्हणाली. पुढच्या तेरा ओव्या एका दमात आल्या.

ती बाहेर आली तेव्हा सखूबाई खिडकीखालच्या बाकावरच होत्या.

“सोमवारपासून या म्हणाल्या.”

“बरं झालं.” त्यांनी उल्काच्या कपाळावरचे केस मागे सारले. “मग मला तेवढी गाडीत बसवून दे.”

“आत्याबाई, आत ऐकू येत होतं.”

“काय?” सखूबाईंनी पदर सारखा केला. “पोरीला निजवत व्हते.”

त्यांच्या मांडीवर उल्का टक्क जागी होती.