मौनाच्या सोमवारी आलेला फोन

"सोमवारी महादेवाची आरती होईपर्यंत तोंडातून शब्द काढू नको, बाई. घराले आग लागली तरी टाळ्या वाजवून सांगजो!"

सासूबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली, पण श्रावण लागला की मनकर्णाबाईंच्या कानात हा आवाज हटकून घुमायचा. उंद्री या खेड्यातल्या सासरच्या घरात त्यांनी एकही श्रावणी सोमवार मोडला नव्हता.

यंदा मात्र पंचाईत झाली. लेक वैष्णवी पुण्यात एका मोबाइल कंपनीत इंजिनिअर. तिनं आदल्या दिवशीच बजावलं होतं, "आई, उद्या सकाळी आठाले तुयाच फोनवर पयली चाचणी. उचलजो अन् बोलजो."

"कायची चाचणी वो माय?"

"आतापरेंत कॉल जोडाले एक मशीन, इंटरनेटले दुसरं, हिशेबाले तिसरं, अशी कपाटंच्या कपाटं लागत. आता ते सारं काम प्रोग्राम करतीन, क्लाउडवर. म्हंजे दूर एका जागी कम्प्युटर मांडून ठेवले, त्याइच्यावर. उद्या आपल्या जिल्ह्याचे सारे कॉल तिकडं नेतो."

मनकर्णाबाईंनी क्षणभर विचार केला. "म्हंजे लग्नातल्या आचाऱ्याची भट्टी म्हण ना. भाताले येगळी चूल नाही, वरणाले येगळी नाही. एकाच जाळावर पायजे ते भांडं चढवा."

"हाव! अन् पाहुणे वाढले तं जाळ वाढवा!"

आठच्या आत आरती उरकेल, म्हणून बाई निश्चिंत होत्या. पण पुण्याची मंडळी लवकर तयार झाली आणि पिंडीवर दुधाची धार धरलेली असतानाच फोन वाजला. फोन उचलायला काही मौनाची आडकाठी नव्हती. त्यांनी उचलला.

"आई? हॅलो! बोल ना वो!"

बाईंनी ओठ घट्ट मिटले. टाळी वाजवावी, तर एका हातात फोन, दुसऱ्यात दुधाचा गडू.

"गोकुळ," पलीकडे वैष्णवी सोबतच्या इंजिनिअरला म्हणाली, "कॉल लागलाय, पण तिकडचा आवाजच येत नाहीये."

"दुसरा नंबर लावून बघू?"

"आमच्या शेजारच्या भागवतकाकांचा लावला होता. ते उचलतच नाहीत."

"मग अख्ख्या जिल्ह्याचे कॉल परत जुन्या मशीनवर घ्यावे लागतील. लोक शिव्या देतील आपल्याला."

"एकदा मागं फिरलो की दिवाळीपर्यंत पुन्हा चाचणीची परवानगी नाही रे. किती राबलेय मी यासाठी!" ती म्हणाली. "पण नाइलाज आहे. घे परत."

बाईंनी पिंडीकडे पाहिलं. 'महादेवा,' त्या मनात म्हणाल्या, 'पोरीचं निभावून ने. पापडाच्या पाटावरून भांडून उन्हाळ्यापासून जावेशी बोलणं टाकलंय मी. आजच्या आज जनकाबाईकडे जाईन अन् आधी मीच बोलीन.' त्यांनी गडू खाली ठेवला, समोरची घंटी उचलली आणि फोनशी धरून अशी वाजवली की ओसरीवरच्या चिमण्या भुर्रकन उडाल्या.

"थांब, गोकुळ, थांब! आज श्रावणी सोमवार! आईचं मौन आहे!" वैष्णवीला हसू आवरेना. "आई, मले ऐकू आलं. तुले माह्यं ऐकू येऊन राह्यलं असंन तं दोनदा वाजव."

दोनदा वाजली, खणखणीत.

"दोन्हीकडून चोख," गोकुळ म्हणाला. "मॅडम, अहवालात काय लिहू?"

"लिही, ग्राहक समाधानी, पण बोलायला तयार नाही!"

आरती झाली. दुपारी वैष्णवीचा पुन्हा फोन आला. जिल्ह्याचे सगळे कॉल नव्या व्यवस्थेवर नीट चालले होते, आणि साहेबांनी तिची पाठ थोपटली होती.

"आता तरी बोलशीन ना?"

"बोलतो ना माय! जेवली काय तू?"

"आता तुया आवाजाचीबी चाचणी झाली, जेवतो," असं म्हणून लेक खिदळली.

फोन ठेवून मनकर्णाबाई जराशा देवापुढे बसल्या. सोमवारचं मौन सासूबाईंनी सांगितलेलं होतं. जावेशी धरलेला अबोला मात्र कुणीच सांगितला नव्हता. त्यांनी द्रोणात प्रसादाची केळी अन् खडीसाखर घेतली, डोक्यावर पदर सारखा केला, आणि घरात कुणाला काही न सांगता जनकाबाईच्या घराच्या दिशेनं गल्लीत उतरल्या.